खिशातील नवा मुनीम

कापडाच्या दुकानात गल्ल्याशेजारी तीन वस्तू हमखास असत: मोजावयाचा गज, कात्री आणि लाल पुठ्ठ्याची वही. वार जाऊन मीटर आले तरी गजाचे नाव गजच राहिले. कात्रीला धार लावणारा अजूनही महिन्याकाठी फिरकतो. वही तर आम्ही सोडलेलीच नाही. आता या तिघांच्या शेजारी चौथी वस्तू येऊन बसली आहे आणि त्या तिघांनी जन्मात केली नसेल एवढी बडबड ती एका दिवसात करते. ही वस्तू म्हणजे अँड्रॉइड स्मार्टफोन. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, कुठल्याही बाजारात जा, पानटपरीवाल्यापासून घाऊक व्यापाऱ्यापर्यंत सर्वांच्या हाती तो दिसेल. त्याच्या जाहिराती पुष्कळ निघतात. कॅमेरा किती मोठा आणि वेग किती, एवढेच त्यांत असते. दिवसभर गादीवर बसणाऱ्या माणसाला तो कसा उपयोगी पडतो आणि कुठे दगा देतो, हे कोणी लिहीत नाही. नवा फोन घेऊन आम्हास चार महिने झाले. तेव्हा आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी चार शब्द लिहावे असे वाटले.

आमचा जुना फोन सहा वर्षे चालला. शेवटी शेवटी जोहरच्या वेळेपर्यंतच त्याची बॅटरी मान टाकत असे. तरीही आम्ही तो ओढत होतो. पण एके दिवशी पैशांचे ॲपच सांगू लागले की, या फोनची आवृत्ती जुनी झाली, यापुढे आम्ही चालणार नाही. व्हॉट्सॲपनेही १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइडच्या ५.० पेक्षा जुन्या आवृत्त्यांवर चालणे बंद केले. म्हणजे वस्तू झिजली म्हणून टाकावी लागते असे नाही; दूर बसलेला कोणी तरी ती जुनी झाली असे ठरवितो. आमची कात्री वडिलांच्या वेळची आहे. तिला असे कोणी सांगितलेले नाही. असो. अठरा हजारांच्या आत नवा फोन आला. अँड्रॉइड ही फोन आतून चालविणारी प्रणाली गूगलने २००५ मध्ये विकत घेतली, आणि २००८ मध्ये तिच्यावरचा पहिला फोन बाजारात आला. डबीवर नाव कोणत्याही कंपनीचे असो, आपल्या बाजारातील बहुतेक फोनांत आतला कारभार हिचाच असतो.

फोन विकणाऱ्याच्या दुकानातील मुलगा दोन मिनिटांत तो सुरू करून देतो. आपण तोवर चहा पीत असतो. पण त्याच दोन मिनिटांत सर्वांत महत्त्वाची गोष्ट होऊन जाते. तो मुलगा आपल्या नावाने एक नवे जीमेल खाते उघडतो, स्वतःला सुचेल तो पासवर्ड टाकतो, आणि घाईत पडताळणीसाठी कधी कधी स्वतःचाच मोबाइल नंबर देतो. हे खाते म्हणजे दुकानाच्या शटरची किल्ली आहे. फोनमधील नंबर, फोटो, व्हॉट्सॲपची साठवण सर्व त्याच खात्याला बांधलेले असते. २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये अशी व्यवस्था आहे की, कोणी फोन जबरदस्तीने पुसून नव्याने सुरू केला तर तो आधीच्या खात्याची ओळख मागतो. चोराच्या हाती फोन कोरा पडू नये हा त्यामागचा हेतू चांगला आहे. पण मालकालाच पासवर्ड ठाऊक नसेल तर मालक आणि चोर त्या फोनच्या दारात सारखेच उभे राहतात. आमच्या ओळीतील एका दर्जी बांधवांचे असेच झाले. फोन पाण्यात पडला, नवा घेतला, आणि मग कळले की जुन्या खात्याचे नावही त्यांना ठाऊक नाही. दोन वर्षांच्या मापांचे फोटो, नमुने, कोणाकडे किती शिलाई राहिली त्याच्या नोंदी, सर्व गेले. लग्नसराईच्या तोंडावर त्यांना पन्नास घरी जाऊन पुन्हा मापे घ्यावी लागली.

म्हणून आम्ही दुकानातच सांगितले की बेटा, सावकाश कर, आम्हास घाई नाही. खाते आमच्या जुन्याच नावाचे ठेवले, नंबर आमचा, पासवर्ड आम्ही स्वतः टाकला आणि घरी येऊन एका कागदावर लिहून तो कागदपत्रांच्या पेटीत ठेवला. डबी आणि बिलही तिथेच. डबीवर पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक असतो. फोनवर तारा, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबले तरी तो दिसतो. फोन हरवला वा चोरीस गेला तर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर याच क्रमांकाने तो देशभर बंद पाडता येतो. हे पोर्टल २०२३ मध्ये सुरू झाले. बाजारात खिसा कापला गेल्यावर डोक्याला हात लावून बसणारे बरेच पाहिले. हा क्रमांक लिहून ठेवलेला एखादाच भेटतो.

आणखी एक. गूगल फुकट साठवणीची जागा १५ जीबी देते, आणि २०२४ पासून व्हॉट्सॲपची साठवणही त्याच १५ जीबीत मोजली जाते. रोज सकाळी येणारी फुलांची चित्रे, शुभेच्छा आणि दूरच्या नातेवाइकांच्या लग्नांचे व्हिडिओ यांनी ती जागा भरली की नवी साठवण गुपचूप थांबते. मालेगावच्या व्यापाऱ्याने पाठविलेला भाव, ट्रान्सपोर्टच्या बिल्टीचा फोटो या कामाच्या गोष्टी मग फक्त फोनमध्ये राहतात, इतर कोठेच नाहीत. आम्ही दर जुम्याला दुकान उघडण्यापूर्वी झाडलोट करतो तशी फोनचीही करतो.

आता एक सुखाची गोष्ट. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठी बोलणे गल्लीत आणि लिहिणे दुकानाच्या काउंटरवर शिकलो, ग्राहकांची बिले फाडता फाडता. फोनच्या त्या बारक्या कळांवर काना-मात्रा शोधणे आमच्या वयाला जमत नाही. पण २०१७ च्या ऑगस्टमध्ये गूगलने बोलून लिहिण्याच्या सोयीत आठ भारतीय भाषा एकदम आणल्या आणि त्यांत मराठी व उर्दू दोन्ही होत्या. आम्ही आता फोनला सांगतो आणि तो लिहितो. शेगावच्या दुकानदारास मराठीतून, बुऱ्हाणपूर-मालेगावकडील मालवाल्यांस उर्दूतून. जुन्या फोनवर ही सोय अडखळत चाले. नव्यावर ती चांगली चालते. दोन तक्रारी मात्र आहेत. पहिली अशी की, आमच्या फोनवर उर्दू अक्षर नस्ख वळणाचे येते. ज्याने तख्तीवर बोरूने नस्तालीक गिरवली त्याला ते वाचताना दाढेखाली खडा आल्यासारखे होते. नस्तालीक यंत्रावर बसविणे सोपे नाही हे आम्ही जाणतो. अहमद मिर्झा जमील यांचे नूरी नस्तालीक १९८१ मध्ये आले तोवर उर्दू वृत्तपत्रांसाठी कातिब हातानेच पाने लिहीत. पण त्यालाही आता चाळीस वर्षे उलटली. दुसरी तक्रार आपल्या वऱ्हाडीची. ग्राहक म्हणतो, 'पैसे देऊन राह्यलो', म्हणजे देत आहे. फोन त्याची सुधारणा करून 'पैसे देऊन राहिलो' असे लिहितो. वाचणाऱ्याने समजावे की पैसे देऊन हा गडी कसाबसा उरला!

आता कापडाकडे वळू, कारण आमचे पोट त्यावर आहे. फोनने आमच्या धंद्यात सर्वांत मोठा बदल कुठे केला असेल तर तो माल निवडण्यात. पूर्वी खामगावहून जलंबला यावे, तेथून भुसावळ, आणि भुसावळहून रात्रीच्या गाडीने सुरत. दोन दिवस बाजार पायाखाली घालावा, तागा उलगडावा, बोटांत चुरगळून पाहावा, उजेडात धरावा, पन्हा मोजावा, मग भाव बोलावा. आता सुरतेचा व्यापारी सकाळी साठ फोटो पाठवतो. दुपारपर्यंत सांगावे लागते की हे बारा पाठवा. नाही तर माल दुसरीकडे जातो. भाडे वाचते, दोन रात्रींची झोप वाचते, दुकान बंद ठेवावे लागत नाही. हा लाभ मोठा आहे आणि तो नाकारणे इमानदारीचे होणार नाही.

परंतु फोनच्या काचेवर जे दिसते ते कापड नव्हे, कापडाचे चित्र आहे. तेही तीन ठिकाणी बदललेले. पाठविणाऱ्याचा कॅमेरा आपल्या मनाने उजेड सुधारतो. पिवळ्या बल्बखालील पांढरे कापड पांढरेच दिसावे म्हणून तो सगळेच रंग थोडे सरकवतो, आणि त्या सरकण्यात मोरपंखी निळ्याकडे झुकतो, डाळिंबी लालभडक होतो. पुढे व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करते, त्यात विणीचा पोत पुसला जातो. शेवटी आपल्या फोनची काच. नव्या फोनांत रंग दाखविण्याचे दोन प्रकार बहुधा असतात, 'व्हिव्हिड' आणि 'नॅचरल'. दुकानातून आला तेव्हा आमचा फोन व्हिव्हिडवर होता. त्यात प्रत्येक साडी नव्या नवरीची दिसते. आम्ही पहिल्याच आठवड्यात तो नॅचरलवर आणला. डोळ्यांना आराम म्हणून रात्री काच पिवळसर करण्याची सोयही असते. ती सुरू असताना मालाची निवड करणे म्हणजे रंगीत चष्मा लावून धान्य पारखणे. आमच्या एका परिचित व्यापाऱ्यांनी रमजानपूर्वी रात्री साडेदहाला हस्तिदंती रंगाचे ड्रेस मटेरियल म्हणून पसंत केलेला माल आला तो निव्वळ पांढरा. ईदला मुलींचे पांढरे कपडे कोण घेणार? तो माल अजून त्यांच्या कपाटात आहे.

यावर आम्ही जी पद्धत ठेवली आहे ती सांगतो. मालवाल्यास सांगावे की फोटो दाराजवळ, दिवसाच्या उजेडात काढा आणि कापडाशेजारी कोरा पांढरा कागद ठेवा. कागद पांढरा दिसला तर रंगावर बराचसा भरवसा ठेवता येतो. कागदच निळसर वा पिवळसर दिसला तर रंगही तसाच सरकला आहे असे समजावे. फोटो एचडी करून पाठवावयास सांगावे, ती सोय व्हॉट्सॲपमध्ये २०२३ पासून आहे. अथवा डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे तो दाबला जात नाही. विणीचा एक फोटो अगदी जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून मागवावा. पन्हा आणि तागा किती मीटरचा, हे त्याच्याकडून लिहून घ्यावे. बोलण्यातले नंतर सापडत नाही, लिहिलेले सापडते. आणि पन्नास हजारांवरचा माल असेल तर वीतभर कापडाचा तुकडा कुरिअरने मागविल्याशिवाय होकार देऊ नये. त्या तुकड्याला धुऊन, इस्त्री करून, ओढून पाहावे. आमचे काही तरुण व्यापारी बंधू यास हसतात. त्यांनी जरूर हसावे. पण आटलेल्या कापडाचा कुर्ता घेऊन ग्राहक भांडावयास येतो तेव्हा तो सुरतेला जात नाही, आपल्याच पायरीवर उभा राहतो.

हाच प्रकार उलट बाजूनेही होतो. मुलगी फोनवर मालिकेतील नटीचे चित्र घेऊन येते आणि म्हणते, चाचा, हाच रंग हवा. तिच्या फोनवर तो एक दिसतो, आमच्या फोनवर दुसरा, आणि मालिकेच्या दिव्यांखाली तो तिसराच असणार. तिला आम्ही चार तागे घेऊन रस्त्यावरच्या उजेडात नेतो. तिथे ती निवडते तो रंग त्या चित्रातला बहुधा नसतो.

दुरून सौदा होणे खामगावास नवे आहे असे कोणी समजू नये. जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः त्यासाठी खामगावी आले होते. रेल्वेबरोबर तारही आली. इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यास आपल्या वऱ्हाडचा कापूस तेथे बसून तारेने मागविता येऊ लागला. त्या काळचा तो स्मार्टफोनच म्हणावयाचा. तारेने भाव लवकर कळू लागला हे खरे. पण तो कळत होता तार ज्याच्या हाती होती त्याला. कापूस पिकविणाऱ्याला तो सर्वांत शेवटी आणि दुसऱ्याच्या तोंडून कळे. आज निदान एवढे झाले आहे की तार ज्याच्या त्याच्या खिशात आहे. शेतकरी दुकानात बसून कपाशीचा आजचा भाव आम्हास सांगतो. पण ज्यांना फोन स्वतः वापरता येत नाही, जे प्रत्येक वेळी मुलाला वा नोकराला 'जरा बघ रे' म्हणतात, ते अजून १८७० मध्येच आहेत. आमच्या वयाच्या बांधवांना आमचा आग्रह आहे की त्यांनी हे स्वतः शिकावे. नोकराच्या हाती गल्ल्याची किल्ली आपण देत नाही, मग पिन कशी देतो?

पैशांचे बोलावयाचे तर यूपीआय २०१६ मध्ये आले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, तेव्हा आम्ही ते नाइलाजाने घेतले. आज सवयीने घेतो. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात यूपीआयचे दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, फाटकी नोट गेली, आणि १ जानेवारी २०२० पासून यूपीआयने घेतलेल्या पैशांवर दुकानदारास बँकेला कट द्यावा लागत नाही. बोलणाऱ्या डबीचे मासिक भाडे तेवढे पडते, आणि ते द्यावे. कारण ग्राहकाच्या फोनवरील हिरवी खूण बनावट ॲपनेही दाखविता येते. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही, ती फक्त देण्यासाठी लागते, हे घरातील प्रत्येकाला पाठ असावे. क्यूआरच्या कागदावर कोणी आपला कागद चिकटविला नाही ना, हे रोज सकाळी एक रुपया पाठवून पाहावे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर त्याच तासाला फोन करावा. पैसा पुढच्या खात्यातून निघून जाण्यापूर्वी अडविता आला तर तो सापडतो.

२६ मार्च २०२५ ची संध्याकाळ मात्र आम्हास लक्षात आहे. ईद पाच दिवसांवर आलेली. इफ्तार होऊन बाजार नुकता भरू लागला होता, आणि देशभर यूपीआय बंद पडले. दुकानात तीस-चाळीस माणसे, कापड फाडून झालेले, आणि ज्याच्या त्याच्या फोनवर ते गोल फिरणारे चक्र. रोख कोणाजवळही पुरेशी नव्हती; लोकांनी ती बाळगणेच सोडले आहे. आम्ही वही काढली. अकरा जणांना नाव आणि गाव लिहून माल दिला. त्यांतील तिघांना आम्ही चेहऱ्याने ओळखत होतो, बाकीच्यांना त्यांच्या गावावरून, वडिलांवरून. नऊ जणांचे पैसे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आले. एकाचे ईदनंतर. एकाचे अजून यावयाचे आहेत. शेजारच्या नव्या दुकानात वही नव्हती, नोंद ठेवावयाची ती सर्व फोनमध्येच; तेथील तरुण मालकाने फाडलेले कापड परत गुंडाळले आणि ग्राहकांना हात जोडले. एप्रिलच्या १२ तारखेलाही असेच घडले, पण तोवर ईद होऊन गेली होती.

फोनने घेतलेला पैसा आपली नोंद आपण करतो, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात काय झाले ते आठवावे. तेथील विक्रीकर खात्याने यूपीआयच्या जमा रकमा पाहून हजारो छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या; काहींनी घाबरून दुकानावर यूपीआय नाही अशा पाट्या लावल्या. पुढे गदारोळ झाला आणि जुनी थकबाकी वसूल करणार नाही असे सरकारला सांगावे लागले. दुकानदारांचे म्हणणे असे होते की त्या जमेत सर्वच विक्री नव्हती. भावाने पाठविलेले पैसे, हातउसने, घरभाडे, सर्व एकाच क्यूआरवर आलेले. मालाच्या धंद्यास साधारणपणे ४० लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, पण घरचा आणि दुकानचा पैसा एका भांड्यात ओतला तर उलाढाल किती हे सांगणार कसे? दुकानाचे खाते आणि त्याचा क्यूआर वेगळा ठेवावा. वर्षाचा हिशेब, आयकराचा असो की जकातीचा, मग एका बैठकीत होतो. अनोळखी माणसाकडून मोठी रक्कम आली तर बिल फाडून त्याची प्रत ठेवावी. कोणा लुटारूचा पैसा फिरत फिरत आपल्या खात्यात पडला आणि दुसऱ्या राज्यातील पोलिसांनी खाते गोठविले, तर तेच बिल दाखवावे लागते.

राहिली उधारी, आणि आमचा खरा मतभेद येथे आहे. उधारी लिहिण्याची ॲप निघाली आहेत. नाव टाका, रक्कम टाका, तारीख टाका, आणि ठरल्या दिवशी फोन स्वतःहून ग्राहकाला निरोप धाडतो की तुमच्याकडे इतके येणे आहे. आमच्या मुलाने नव्या फोनवर ते घातले. बेरीज बिनचूक होते, कोणाचे काय राहिले ते एका बोटावर दिसते. यात आम्हास तक्रार नाही. परंतु आपल्या जिल्ह्यात कापडाची उधारी तारखेवर चालत नाही, सोयाबीन आणि कपाशीवर चालते. मुलीच्या लग्नाचा बस्ता शेतकरी उन्हाळ्यात नेतो आणि पैसे दिवाळीच्या आगेमागे, माल विकल्यावर देतो. तेही पाऊस नीट झाला तर. ज्याच्या शेतात काढणीच्या दिवसांत पाणी साचून शेंगा काळ्या पडल्या, त्याच्या फोनवर सकाळी नऊ वाजता आमच्या दुकानाच्या नावाने निरोप वाजावा, तोही घरात सुनेसमोर, हे आम्हास मान्य नाही. वीस वर्षांचा ग्राहक असा एका निरोपाने तुटतो आणि का तुटला हे ॲपमध्ये कोठेही लिहिलेले नसते.

पूर्वीचा मुनीमही येणे लिहीत असे. पण तोच मुनीम मालकाच्या कानात सांगे की अमक्याच्या घरी आजारपण आहे, यंदा विचारू नका. आणि तमक्याने नवा ट्रॅक्टर घेतला आहे, त्याला विचाराच. खिशातील हा नवा मुनीम पहिले काम जुन्यापेक्षा सरस करतो. दुसरे त्याला येतच नाही, आणि त्यासाठी त्याला दोष देण्यात अर्थ नाही. म्हणून आम्ही ॲप ठेवले, आपोआप जाणारे निरोप बंद केले. ती कळ सेटिंगमध्ये असते. शोधावी लागते, कारण ती चालू अवस्थेतच आपल्याकडे येते. कोणाला केव्हा आणि कोणत्या शब्दांत विचारावयाचे हे आम्ही ठरवितो, आणि बहुतेकांना समोर भेटल्यावरच विचारतो. मुलाचे म्हणणे असे की यात वसुली मागे पडते. थोडी पडते, हे आम्ही नाकारत नाही. गेल्या हंगामात त्याने चार नावे दाखविली ज्यांना आम्ही विचारलेच नाही. त्यांतील दोघे दुसऱ्या दुकानातून रोखीने माल नेत होते. या दोन नावांपुरते त्याचे म्हणणे बरोबर होते आणि त्यांचे निरोप त्याने स्वतः धाडले.

सध्या आमच्याकडे असा रिवाज आहे. रात्री शटर अर्धे ओढल्यावर मुलगा फोनवरील जमा वाचतो आणि आम्ही ती वहीत चढवितो. पंधरा मिनिटे लागतात. महिन्यातून एक-दोनदा फरक निघतो: कधी ग्राहकाचे पैसे अर्ध्या वाटेत अडकून परत गेलेले असतात, कधी डबी बोललेली असते पण घाईत बिल फाडावयाचे राहिलेले असते. त्याच रात्री सापडले म्हणजे माणूस आठवतो. आठ दिवसांनी फक्त आकडा उरतो. उधारीच्या पानांचा फोटो काढून तोही खात्यात साठवितो, कारण वही भिजू शकते आणि उंदीर तर आपल्याकडे आहेतच.

येत्या लग्नसराईचा माल पाहावयास आम्ही यंदा स्वतः सुरतेस जात आहोत. तेथील व्यापारी म्हणाले, चाचा, एवढी तकलीफ कशाला, फोटो पाठवतो की. त्यांना म्हटले, फोटो पाठवा, त्यांतून कोणत्या गाळ्यात आधी शिरावयाचे ते ठरवितो. भुसावळहून पुढचे तिकीट याच फोनवर काढले आहे. खालचा बर्थ मिळाला.